मांजराच्या लघवीतले क्रिस्टल: पाणी जेवणातून कसं पाजायचं

बोका सारखा बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि लघवीचा थेंबही येत नाही, असं दिसत असेल तर पुढचं वाचत बसू नका. रिक्षा करा आणि जनावरांचा दवाखाना गाठा. बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. क्रिस्टल (लघवीत साठलेले क्षारांचे बारीक कण), चिकट स्राव आणि रक्त मिळून तिच्यात बूच बसतं. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत जनावर दगावू शकतं. घरच्यांना वाटतं, शी होत नाही म्हणून कुंथतोय, आणि एरंडेल पाजण्यात संध्याकाळ जाते. पोटाच्या मागच्या भागात लिंबाएवढी टणक गाठ हाताला लागली तर ती भरलेली मूत्रपिशवी असू शकते. ती दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका, पिशवी फुटू शकते. रात्र असली तरी सकाळची वाट पाहायची नाही.

मादीत नलिका रुंद असल्याने असं तुंबणं क्वचित होतं. तिच्या खुणा वेगळ्या असतात: दर थोड्या वेळाने बसणं, दोन-चार थेंब टाकणं, लघवीत लाली दिसणं, मागचा भाग सारखा चाटणं, आणि नेहमीची जागा सोडून न्हाणीत किंवा थंड फरशीवर करणं. मांजर सूड घेत नाही. तिला दुखतंय म्हणून ती जागा बदलते.

पुढचं सगळं लघवी होत असलेल्या, डॉक्टरांनी तपासलेल्या तरुण मांजरासाठी आहे.

आधी कोणते क्रिस्टल आहेत ते बघा

इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट जातं. मांजरांत मुख्यतः दोन प्रकार सापडतात. पहिला स्ट्रुव्हाइट. आपल्याकडच्या लॅबच्या कागदावर तो बहुतेक वेळा ‘ट्रिपल फॉस्फेट’ असा लिहिलेला असतो. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांपासून तो बनतो, लघवी अल्कधर्मी असली की वाढतो आणि योग्य आहाराने विरघळतो. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेट. त्याचा खडा झाला की कुठल्याही आहाराने विरघळत नाही, काढावाच लागतो. आहार आणि पाणी फक्त नवा खडा होऊ नये म्हणून उपयोगी पडतं.

लघवीचा नमुना ताजा हवा, शक्यतो तासाभराच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली गेलेला. फ्रीजमध्ये ठेवलेल्या किंवा बराच वेळ पडून राहिलेल्या लघवीत बाटलीतच क्रिस्टल तयार होतात आणि नसलेला आजार कागदावर येतो. म्हणून घरून बाटली भरून नेण्यापेक्षा डॉक्टरांना सोनोग्राफीत बघून सुईने थेट पिशवीतून नमुना घेऊ द्या. ऐकायला भीती वाटते, पण बहुतेक मांजरं हे मुकाट्याने करून घेतात. सोबत एक एक्स-रे काढा. या दोन्ही प्रकारचे खडे त्यात बहुधा दिसतात.

डॉक्टरांना दोन आकडे विचारा. एक पीएच, म्हणजे लघवी आम्ल आहे की अल्कधर्मी. स्ट्रुव्हाइटच्या मांजरात तो साधारण 6 ते 6.5 च्या दरम्यान ठेवायचा असतो. दुसरा विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवी किती घट्ट आहे. 1.035 च्या खाली आणता आलं तर चांगलं, 1.030 च्या खाली आलं तर फारच उत्तम. हा आकडा रिफ्रॅक्टोमीटरने मोजलेला असावा. लघवीत बुडवायच्या रंगीत पट्टीवरचा मांजराच्या बाबतीत भरवशाचा नसतो.

एक गोष्ट ठामपणे सांगते. घट्ट लघवीत थोडे क्रिस्टल निरोगी मांजरातही दिसतात. त्रास काही नसेल तर नुसत्या त्या एका ओळीवरून उपचार सुरू करायची गरज नाही. आणि तरुण मांजरात जंतुसंसर्ग क्वचितच असतो, त्यामुळे कल्चरशिवाय (लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीशिवाय) प्रतिजैविकाचा कोर्स लिहिला गेला तर तो कशासाठी, हे विचारायला संकोचू नका.

घरातले उपाय आधी थांबवा

आपल्या कोल्हापुरात मुतखड्यावर हुलग्याचं कढण, पानफुटीचं पान आणि शहाळं हे घरोघरी ठाऊक आहे. माणसाचं माणसापाशी राहू द्या. पानफुटी मांजराला विषारी आहे, तिचा परिणाम हृदयावर होतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. तुंबलेल्या बोक्याच्या रक्तात तेच आधी वाढलेलं असतं. लघवीच्या जळजळीवर आपण जे गोड सिरप पाण्यात टाकून घेतो, ते लघवी अल्कधर्मी करतं, म्हणजे स्ट्रुव्हाइटला हवी तीच हवा तयार करतं. उलट बाजूने लिंबू, व्हिनेगर किंवा लघवी आम्ल करणाऱ्या गोळ्या मनाने देणंही धोक्याचं. 1980 च्या दशकात मांजरांच्या तयार अन्नातलं मॅग्नेशियम कमी करून लघवी आम्ल ठेवायची पद्धत रूढ झाली. स्ट्रुव्हाइट कमी झाले, पण पाठोपाठ ऑक्झलेटचे खडे वाढले. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला ढकलून मांजर बरं होत नाही.

पॅरासिटामॉल तर घरात मांजराच्या वाऱ्यालाही ठेवू नका. एका गोळीने मांजर मरू शकतं. दुखणं थांबवणारं औषध मात्र हवंच, तेही डॉक्टरांकडून मागून घ्या. दुखतंय म्हणून मांजर लघवी धरून ठेवतं आणि त्रास वाढतो.

ताटलीत काय घालायचं

स्ट्रुव्हाइट असेल तर पहिले काही आठवडे डॉक्टरांनी सांगितलेला युरिनरी आहार, आणि फक्त तोच. रॉयल कॅनिनचं युरिनरी एस/ओ, हिल्सचं सी/डी, फार्मिनाचं व्हेट लाइफ स्ट्रुव्हाइट ही त्यातली नावं. यांत मॅग्नेशियम आणि फॉस्फरस बेताचा असतो आणि लघवीचा पीएच हवा तिथे राहतो. ‘युरिनरी केअर’ असं नुसतं पाकिटावर छापलेलं दुकानातलं साधं अन्न म्हणजे हे नव्हे. वाढीच्या वयातल्या पिल्लांना, गाभण मांजरीला किंवा किडनीचा त्रास असलेल्या मांजराला हा आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. घरात दोन मांजरं असतील तर वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून जेवू घाला.

‘फक्त तोच’ हेच आपल्याकडे अवघड जातं. आजी दूध-चपाती घालते, शेजारच्या काकू सुकटीची मूठ टाकतात, आणि महिनाभराने डॉक्टर विचारतात की खडा का विरघळत नाही. भाकरी, चपाती, भात यांच्यावर वाढलेल्या मांजराची लघवी मांसावर वाढलेल्या मांजरापेक्षा अल्कधर्मी होते. शिवाय मांजराला लागणारं टॉरीन हे मांसातून मिळणारं पोषक द्रव्य धान्यात नसतं. सुकट, बोंबील यांत मीठ असतं आणि काट्यांतून फॉस्फरस, मॅग्नेशियम जातं. दूध पाण्याची जागा घेत नाही. कितीतरी मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब लागतात आणि अंगातलं पाणी उलट कमी होतं. दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं ताजं, धारोष्ण असलं तरी तेच.

घरात रविवारी मटण शिजलं की अळणी रस्सा, म्हणजे मटण शिजवल्याचं बिनतिखट पाणी, वाटीभर मांजराला, हा प्रेमाचा भाग मला कळतो. पण नाव अळणी असलं आणि तिखट नसलं तरी त्यात मीठ, कांदा आणि लसूण असतो, आणि कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. द्यायचंच असेल तर फोडणीच्या आधी, नुसत्या पाण्यात शिजवलेल्या बिनहाडाच्या चिकनचं पाणी बाजूला काढा. हळद, मीठ काही नाही. गार करून वरचा तवंग काढा आणि तेही डॉक्टरांनी होकार दिल्यावरच, एक-दोन चमचे. नुसतं उकडलेलं चिकन हे पूर्ण जेवण होत नाही, त्यात कॅल्शियम फारच कमी असतं.

अन्न बदलताना आठ-दहा दिवस घ्या. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण. मांजर तोंड फिरवतं म्हणून ‘भुकेनं खाईल’ असं म्हणून उपाशी ठेवू नका. चोवीस तासांच्या वर काही न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, लिव्हरमध्ये चरबी साठायला लागू शकते आणि तो आजार मूळच्या आजारापेक्षा भारी पडतो.

पाणी कसं वाढवायचं

माझ्या मते सगळ्या उपचारातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे. क्रिस्टल कोणतेही असोत, लघवी पातळ झाली की क्षार कमी साठतात. आणि मांजर भांड्यातून पाणी पिऊन ही कसर भरून काढत नाही.

हिशोब बघा. मांजराला दिवसाला दर किलो वजनामागे साधारण 40 ते 60 मिलि पाणी लागतं, जेवणातलं धरून. चार किलोच्या मांजराला म्हणजे 160 ते 240 मिलि. 50 ग्रॅम कोरड्या दाण्यांत पाणी असतं जेमतेम 4-5 मिलि. 85 ग्रॅमच्या एका ओल्या पाऊचमध्ये 65 ते 70 मिलि. दिवसाला तीन पाऊच खाणाऱ्या मांजराचं पाणी जवळजवळ जेवणातूनच भागतं. कोरडं खाणारं मांजर भांड्यापाशी जास्त वेळा दिसतं, तरीही त्याच्या पोटात एकूण पाणी कमीच जातं.

ओलं अन्न खर्चिक आहे, हे खरं. जमत नसेल तर युरिनरीचेच कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवा. पहिल्या दिवशी एक चमचा पाणी, मग रोज थोडं वाढवत दाण्यांच्या बरोबरीने आणि पुढे त्याहून जास्त. ओल्या पाऊचमध्येही दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवता येतं. एप्रिल-मे महिन्यात भिजवलेलं अन्न तासाभरात उचलून टाका. दिवसाचं अन्न चार-पाच वेळांत विभागून द्या. एकदम पोटभर खाल्ल्यावर काही तास लघवी अल्कधर्मी होते, थोडं-थोडं खाल्लं की हा चढ कमी राहतो.

पाण्याची भांडी घरात तीन-चार जागी ठेवा: एक झोपायच्या जागेजवळ, एक खिडकीत, एक जिन्यात. मांजर शी-शू करतं त्या मातीच्या डब्यापासून आणि जेवणाच्या ताटलीपासून दूर. भांडं पसरट आणि काठोकाठ भरलेलं. कुंभाराकडचं मातीचं उथळ भांडं उन्हाळ्यात पाणी गार ठेवतं आणि बऱ्याच मांजरांना आवडतं. रोज घासून पाणी बदला. वाहत्या नळाकडे धावणारं मांजर असेल तर छोटं कारंजं घ्या. तोंडात सिरिंजने पाणी कोंबू नका. ठसका लागून पाणी फुप्फुसात जातं आणि मांजर तुम्हाला बघून पळायला लागतं. पाणी प्यावं म्हणून मीठही घालू नका.

बोअरच्या पाण्यामुळे क्रिस्टल होतात का, हे बरेच जण विचारतात. पाण्यातल्या खनिजांपेक्षा अन्नातली खनिजं कितीतरी जास्त असतात. मांजर बोअरचं पाणी आवडीने पीत असेल तर पिऊ द्या, चव आवडत नसेल तर नळाचं गाळून द्या.

पावसाळा, मातीचा डबा आणि डॉल्बी

जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस कोसळत असतो. एरवी परसात जाणारं मांजर दिवसभर लघवी धरून कौलाखाली बसून राहतं. म्हणून बाहेर जाणाऱ्या मांजरालाही घरात डबा हवाच, आणि मांजरं जितकी त्याहून एक जास्त. बारीक, वास नसलेली, गोळा बांधणारी माती चांगली: रोज उपसताना लघवीचे गोळे किती आणि केवढे, ते कळतं. साधारण दोन ते चार गोळे दिवसाला दिसतात. आहार बदलल्यावर ते मोठे व्हायला लागले की समजा पाणी पोटात जातंय. चार छोट्या गोळ्यांऐवजी दहा ठिपके दिसले तर डॉक्टरांना फोन करा.

तरुण मांजरांत लघवीच्या त्रासाचं सगळ्यांत मोठं कारण क्रिस्टल नसतं; ताणाने मूत्रपिशवीला सूज येते, आणि दोन्ही एकत्रही असतात. विसर्जन मिरवणुकीचा डॉल्बी जिथे वाजतो त्या महाद्वार रोडच्या आसपास राहणाऱ्यांनी गणेश विसर्जनाच्या आदल्या दिवसापासूनच आतल्या खोलीत मांजराची जागा करावी: पडदे ओढलेले, एक पुठ्ठ्याचं खोकं, पाणी, डबा, ओलं जेवण. फटाक्यांच्या दिवसांतही असंच. एरवी रोज दोनदा दहा-दहा मिनिटं दोरीशी खेळवा. घरात कोंडलेलं, जाडजूड, खसी केलेलं मांजर या आजाराला जास्त बळी पडतं, तेव्हा वजनही आटोक्यात ठेवा.

पुन्हा तपासणी

दोन ते चार आठवड्यांनी लघवी परत तपासा, खडा असेल तर महिन्याला एक्स-रे. स्ट्रुव्हाइटचा खडा बहुधा काही आठवड्यांत लहान होताना दिसतो. महिनाभर चोख पथ्य पाळूनही तसाच असेल तर तो ऑक्झलेट असण्याची शक्यता धरून डॉक्टर पुढचं ठरवतील. बोक्याच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: विरघळत लहान झालेला खडा नलिकेत येऊन अडकू शकतो, म्हणून या काळात त्याची लघवी रोज स्वतः बघायची. एक्स-रे स्वच्छ आल्यावरही आहार साधारण महिनाभर चालू ठेवतात. त्यानंतर नेहमीचं अन्न द्यायचं की देखभालीचं युरिनरी, हे डॉक्टर ठरवतील. ओलं जेवण मात्र कायम ठेवा आणि सहा महिन्यांनी एकदा लघवी तपासून घ्या.