चोरीला गेलेली सायकल परत मिळवताना

सायकल चोरीला गेली की ‘आता कुठली मिळते’ असे म्हणून पुण्यातले अनेक जण पोलीस चौकीची पायरीही चढत नाहीत. चोर पकडला जातो तेव्हा त्याच्याकडे एकापेक्षा अधिक सायकली सापडणे नवीन नाही. परंतु ज्यांच्या मालकांनी तक्रार दिलेली नसते, त्या सायकली पोलीस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून गंजत पडतात. म्हणून सायकल परत मिळण्याची आशा नसली तरी तक्रार द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

तक्रारीत सर्वात उपयोगी पडतो तो फ्रेम नंबर. बहुतेक सायकलींवर तो पॅडलचा अ‍ॅक्सल ज्या आडव्या नळीत फिरतो, तिच्या खालच्या बाजूला ठोकलेला असतो. सायकल उलटी करून, तेथील चिखल आणि वंगण रॉकेलच्या फडक्याने पुसून, टॉर्चचा उजेड तिरपा पाडला की आकडे उठून दिसतात. ३ आणि ८ यांत गफलत होते, म्हणून नंबर लिहून घेण्याबरोबर फोटोही काढावा. हे काम सायकल घरात असतानाच करायचे आहे. ती आधीच गेली असेल, तर दुकानदाराच्या बिलावर नंबर आहे का पाहावे, आणि तोही नसेल तर बदललेली सीट, वाकलेला मडगार्ड, कॅरियरचे वेल्डिंग अशा खुणा आठवून लिहाव्यात.

सोसायटीच्या कॅमेऱ्यांचे चित्रण काही दिवसांनी पुसले जाते, त्यामुळे सेक्रेटरींना त्याच दिवशी ते जपून ठेवण्यास सांगावे. तक्रार नोंदवताना सायकलची किंमत विचारली जाते, आणि तिला महत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीची शिक्षा कलम ३०३ मध्ये आहे, परंतु ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी अदखलपात्र धरली जाते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. तेव्हा बिल जोडावे आणि किंमत खरी सांगावी. गुन्हा दखलपात्र असल्यास हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते.

त्यानंतर जवळपासच्या सायकल दुरुस्तीवाल्यांना नंबर आणि फोटो द्यावा. मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी चक्कर मारावी, जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन जाहिरातीही पाहाव्यात. बाजारातील प्रत्येक जुनी सायकल चोरीची असते असे मुळीच नाही, म्हणून विक्रेत्याशी बोलताना आरोपाचा सूर नसावा. आपली सायकल दिसलीच तर कुलूप तोडून ती ओढून आणू नये. ११२ वर फोन करावा, पोलीस येईपर्यंत तेथेच थांबावे आणि कागद दाखवावेत. सायकल ज्याच्या हाती आहे तो एखादा विद्यार्थी असेल आणि त्याने ती पैसे मोजून, काही कल्पना नसताना घेतलेली असेल. न्याय संहितेचे कलम ३१७ चोरीचा माल जाणूनबुजून, किंवा तसे मानण्यास कारण असताना घेणाऱ्याला लागते. त्या मुलाने ती कोणाकडून घेतली हे सांगितले, तर तपास विक्रेत्यापर्यंत पोहोचू शकतो.

जप्त झालेली सायकल परत मिळण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. ती बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, ताब्यात मिळाली, तर प्रकरण निकाली निघेपर्यंत विकू नये आणि रंगवू नये. सायकल आपली आपणच सापडली तरी पोलिसांना आणि दुरुस्तीवाल्यांना कळवावे, कारण तक्रार उघडी राहिली तर उद्या त्या सायकलवर बसलेल्या आपल्याच मुलाला कोणी अडवील.

पोलीस ठाण्याच्या आवारात ओळख पटवायला गेल्यावर इतर सायकलीही नीट पाहाव्यात. एखादी ओळखीची वाटली तर अधिकाऱ्यांना विचारून तिची माहिती सोसायटीच्या किंवा वसतिगृहाच्या ग्रुपवर द्यावी. जिन्याखाली महिनोन्‌महिने पडलेल्या बेवारस सायकलीबद्दलही, भंगारवाल्याला बोलावण्याआधी, चौकीत कळवावे. अशी माहिती देताना रंग आणि जागा सांगावी, मात्र फ्रेम नंबर आणि एखादी ठळक खूण स्वतःकडे राखून ठेवावी, आणि हक्क सांगायला येणाऱ्यानेच ती सांगावी.