सूचिपर्णी जंगलातली कोरल अळंबी: आधी बुंधा चिरून बघा

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन-ओरेगॉनच्या कॅस्केड डोंगरांत शरदातले पहिले चांगले पाऊस झाले की डग्लस फर आणि हेमलॉक या सूचिपर्णी झाडांखालच्या सुयांच्या थरातून कोरल अळंब्या, म्हणजे पोवळ्यासारख्या फांद्या फुटलेल्या अळंब्या, वर येतात. नुसत्या रंगावर जाऊ नका. वय झालं की टोकांचा रंग उडतो आणि खाण्याजोगी नि पोट बिघडवणारी, दोन्ही सारख्याच मळकट गेरू दिसतात. जून अळंबी जागेवरच सोडा.

वरच्यावर छाटू नका. बोटं खाली घालून अख्खी उकरा, माती झाडा आणि बुंधा उभा चिरा. नवख्याने शोधावी ती रामारिया बोट्रिटिस: आखूड, जाड, पांढरा बुंधा, त्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या दाट फांद्या, टोकं गुलाबी ते वाइनसारखी लाल. आतला गर पांढरा आणि भरीव हवा. चिरल्यावर जेलीसारखा पारदर्शक, बुळबुळीत भाग दिसला, तर टाकून द्या. फांद्या गुलाबी-केशरी आणि टोकं पिवळी असतील तर ती रामारियाच्याच फोर्मोसा गटातली. तिने जुलाब होतात. लाकडावर उगवलेली, सरळ बारीक फांद्यांची रामारिया स्ट्रिक्टा कडू लागते, तीही नको.

पांढरी, बारीक दातेरी टोकांची क्लॅव्ह्युलिना ही वेगळ्या गटातली कोरल अळंबी खाता येते, पण चव बेताचीच. तिच्यावर दुसरी बुरशी चढते आणि ती बुडापासून राखाडी-काळी पडत जाते. अशी घेऊ नका.

शंका असेल तर बीजाणूंचा ठसा घ्या. अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर तुकडा आडवा ठेवून वर वाटी पालथी घाला, रात्रभर राहू द्या. रामारियाचा ठसा पिवळसर गेरू, क्लॅव्ह्युलिनाचा पांढरा. ठशावरून गट कळतो. खाण्याजोगी आहे की नाही, ते कळत नाही. ते जाणकाराला प्रत्यक्ष दाखवूनच ठरवा.

नॅशनल फॉरेस्टमध्ये (सरकारी जंगलांत) अळंबी गोळा करण्याच्या परवान्याचे नियम जागोजागी वेगळे असतात. निघण्यापूर्वी तिथल्या रेंजर कार्यालयात विचारून घ्या.

घरी आणल्यावर फांद्या सुट्या करून वाहत्या पाण्याखाली धुवा. बेचक्यांत सुया नि रेती अडकलेली असते. कच्ची कधीच खाऊ नका. तेलात पाणी आटेपर्यंत, निदान पंधरा मिनिटं परता. बोट्रिटिसनेही काहींचं पोट सुटतं, म्हणून पहिल्यांदा दोन-तीन चमचेच खा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. एक कच्ची अळंबी कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. त्रास झालाच, तर अमेरिकेत विषबाधा मदतीचा क्रमांक १-८००-२२२-१२२२ आहे, आणि ओळख पटवायला तीच अळंबी लागेल.