बर्लिनमध्ये रविवार मोकळा सापडला तर कसं भटकायचं: लातूर-नांदेडकडच्या पोरापोरींसाठी

दरवर्षी ऑक्टोबरात आपल्याकडची काही नवीन पोरं इकडं शिकायला येतात आणि पहिले दोन महिने त्यांचा रविवार म्हणजे झोप, धुणं आणि गावाकडं फोन, बस. विचारलं की म्हणतात फिरायला पैसे लागतात. अरे कशाला लागतात? मी उदगीरचा, माझ्याकडं पण नव्हते, तरी लई फिरलो, म्हणून हे लिहायलोय.

पहिली गोष्ट, बघायच्या ठिकाणांची यादी करू नका, परत यायची सोय तेवढी पक्की करा. लहानपणी माळेगावच्या जत्रेत शिरायच्या आधी आज्जा एक झाड दाखवायचा, चुकामूक झाली तर इथं येऊन थांब, मग दिवसभर कुठंबी हिंड. इथं ते झाड म्हणजे मेट्रोची एक लाईन धरायची. नवीन माणसाला मी यू ८ धरायला सांगतो, कारण सकाळचं आणि संध्याकाळचं दोन्ही ठिकाण हिच्यावरच आहे, आणि रस्ता चुकला तरी मेट्रो स्टेशनची निळी यू लिहिलेली पाटी दिसेपर्यंत चालायचं, मग स्टेशनवरच्या नकाशात यू ८ कुठं मिळते ते बघायचं.

तयारी शनिवारीच करायची. रविवारी इथं दुकानं बंद म्हणजे बंदच, मोठ्या स्टेशनातली थोडी आणि बेकऱ्या काही तास, एवढंच. घरून आणलेलं ज्वारीचं पीठ उरलेलं असलं तर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. पाणी नळाचं भरा, ते पिण्याचंच असतं. मी पहिल्या आठवड्यात विकतची बाटली घेतली, घाईत तोंडाला लावली तर सोडा, नाकातून आला. बाटलीवर स्टिल लिहिलेलं बघून घ्यायचं, आणि रिकामी फेकायची नाही, दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत येतात (रविवारी नाही, सोमवारी).

तिकिटाचं नीट ऐका. बहुतेक युनिव्हर्सिट्यांत सेमिस्टरच्या फीमध्येच तिकीट येतं. जर्मनीभर चालणारं महिन्याचं डॉइचलांड तिकीट मे २०२३ ला ४९ युरोला सुरू झालं, २०२६ पासून ६३ झालंय. त्यावर मेट्रो, बस, ट्राम, लोकल गाड्या सगळं चालतं पण आयसीई-आयसीसारख्या लांब पल्ल्याच्या गाडीत चढू नका. माझं कार्ड यायच्या आधी मी मशीनमधून कागदी तिकीट काढलं आणि पंच करायचं असतं हे मला माहीतच नाही! तपासणारे साध्या कपड्यात असतात, शेजारी बसलेला माणूसच उठून तिकीट मागतो. ६० युरो गेले. महिनाभर मी त्याचे रुपये करत बसलो.

सकाळी दहाच्या आसपास बर्नाउअर श्ट्रासेला उतरा. बर्लिनची भिंत बघायला सगळे नवीन लोक चित्रं काढलेल्या ईस्ट साइड गॅलरीकडं पळतात, फोटो चांगले येतात म्हणून. ती पण बघा कधीतरी, पण भिंत म्हणजे काय होती ते ह्या रस्त्यावर कळतं. इथं एका बाजूची घरं पूर्व बर्लिनमध्ये आणि त्याच घरांपुढचा फुटपाथ पश्चिम बर्लिनमध्ये अशी वाटणी होती. १३ ऑगस्ट १९६१ ला हद्द बंद झाली तेव्हा लोकांनी खिडकीतून उड्या मारल्या, खाली पश्चिमेचे फायरब्रिगेडवाले चादरी धरून उभे, काही वाचले, काही नाही. भिंत पडली ९ नोव्हेंबर १९८९ ला. आज ती होती तिथं लोखंडी खांब उभे केलेत, मधून आरपार चालत जाता येतं, फुकट आहे, घाई करू नका. मला तिथं आज्ज्याच्या गोष्टी आठवतात, निजामाची हद्द, करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके, पलीकडं सोलापूर म्हणजे इंग्रजांचा मुलूख. शहरात बाकी बऱ्याच ठिकाणी भिंतीची खूण म्हणून रस्त्यात दगडांची दुहेरी रांग बसवलीय, कधी काहीच सुचलं नाही तर ती रांग धरून चालत सुटा.

चालताना सायकलच्या पट्ट्यात येऊ नका, इथले सायकलवाले थांबत नाहीत, ओरडतात. सिग्नलवर लाल माणूस दिसला तर रस्ता रिकामा असला तरी उभं राहा, विशेषतः शेजारी लेकरू असेल तर, नसता त्याची आई तुमच्याकडं असं बघते की बास.

तिथून पायी माउअरपार्क, रविवारी जुना बाजार भरतो. स्वेटर, भांडी, जुने कॅमेरे. घ्यायचंच असं नाही, पण थंडीचा कोट बघून ठेवा. खिशात रोख ठेवा, आणि टॉयलेटसाठी नाणी.

दुपारी परत यू ८ धरून हेर्मानप्लाट्झ. तिथं अरबी-तुर्की दुकानांत फलाफल मिळतं, हरभरे भिजवून वाटून तळलेले वडे, शाकाहारी माणसाची सोय. पाऊस आला तर? वर्तुळात फिरणारी एस ४१ लोकल पकडा, एक फेरी तासाभराची, खिडकीत बसून अख्खं शहर बघून होतं.

मग बॉडिनश्ट्रासेला उतरून टेंपलहोफच्या मैदानात जा. हे जुनं विमानतळ, २००८ ला बंद झालं, २०१० पासून लोकांना मोकळं. धावपट्टीवर माणसं सायकली चालवतात, पतंग उडवतात. १९४८ ला रशियाने पश्चिम बर्लिनचे रस्ते अडवले तेव्हा इथं विमानांतून पीठ-कोळसा उतरत होता, म्हणजे आपल्याकडं १७ सप्टेंबरला निजाम शरण आला त्या दिवशीसुद्धा. अंधार पडायला गेटं बंद होतात, उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असतो पण डिसेंबरात चारच्या आतच सूर्य गायब, तेव्हा इथं आधी या.

घरी व्हिडिओ कॉल इथूनच लावा, उन्हाळ्यात आपलं घड्याळ साडेतीन तास पुढं असतं, थंडीत साडेचार. माझ्या आईनं मैदान बघितलं आणि म्हणाली, "एवढं रान पडीक ठेवलंय व्हय? काही पेरत का नाहीत?" मग मी ओडरश्ट्रासेच्या बाजूला गेलो, तिथं लोकांनी लाकडी खोक्यांत माती भरून भाजीपाला लावलाय. तिला टोमॅटो दाखवले. "पाणी कमी पडायलंय त्यांना," म्हणाली.