प्रयोगशाळा सहायकांनो, या चुका टाळा: प्रात्यक्षिक आदल्या दिवशीच बिघडतं

वायू निघालाच नाही, रंग बदलला नाही, वाचन भलतंच आलं, की पहिला ठपका मुलांवर येतो. नीट ढवळलं नाहीस, नीट पाहिलं नाहीस. बहुतेक वेळा मुलांचं काहीच चुकलेलं नसतं. चूक आदल्या दिवशी तयारीच्या खोलीत झालेली असते आणि ती घाईतून झालेली असते. त्याच त्या चुका नव्या नव्या माणसांकडून होताना पाहून वैताग येतो, म्हणून हे लिहितेय. ज्या चुकांनी सगळ्यात जास्त नुकसान होतं त्यांवर जास्त लिहिलंय, बाकीच्या भरभर उरकल्यात.

स्फटिकजल (स्फटिकात अडकलेलं पाणी) न धरता वजन करणं

ही माझ्या मते सगळ्यात वाईट चूक, कारण ती दिसत नाही. द्रावण स्वच्छ असतं, रंग बरोबर असतो, बाटलीवर सुबक लेबल असतं, आणि आतलं प्रमाण चुकलेलं असतं.

एका शाळेत प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी मी मदतीला गेले होते. प्रयोग नेहमीचाच: ०.०५ मोलर (मोलर म्हणजे लिटरमागे किती मोल) ऑक्झॅलिक आम्ल आणि ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेट यांचं अनुमापन, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थोडं थोडं सोडून किती लागतं ते मोजणं. या प्रमाणात १० मिली आम्लाला बरोबर १० मिली परमँगनेट लागायला हवं. पहिल्या तुकडीतल्या प्रत्येकाचं वाचन ७.१ मिलीच्या आसपास. तिथल्या सहायकांनी ठरवलं की परमँगनेटच जास्त तीव्र झालंय. ते ओतून दिलं, नवं केलं. पुन्हा ७.१. मग आम्ल नीट तापवलं नसेल म्हणून सगळ्यांना फ्लास्क पुन्हा ६० अंशांपर्यंत तापवायला लावले. तरी ७.१.

एवढ्या पक्क्या आकड्यावर सगळी मुलं एकाच वेळी चुकत नसतात. ७.१ भागिले १० म्हणजे ०.७१, आणि ९० भागिले १२६ सुद्धा ०.७१च. ऑक्झॅलिक आम्लाचं रेणुवस्तुमान ९०, पण बाटलीत जे स्फटिक येतात त्यांच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणजे १२६. लिटरला ६.३ ग्रॅम घ्यायचे ते ४.५ ग्रॅम घेतले होते. बाटलीच्या लेबलवर सूत्रात पाण्याचे दोन रेणू स्पष्ट छापलेले होते. ते लेबल कुणी वाचलं नव्हतं. वजन जुन्या वहीतून उतरवलं होतं.

मला द्रावण वाया गेल्याचं फारसं वाईट वाटलं नाही. उत्तरपत्रिका गोळा करताना दिसलं की काही मुलांनी ७.१ खोडून १० लिहिलंय. डोळ्यांनी जे पाहिलं ते खोटं आणि पुस्तकात आहे ते खरं, हे त्या दिवशी ती मुलं शिकली. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत यापेक्षा वाईट काही शिकवता येईल असं मला वाटत नाही.

इतर पदार्थांची रेणुवस्तुमानंही पाहा: मोरचूद स्फटिकरूपात २४९.७, निर्जल (स्फटिकजल नसलेलं) असेल तर १५९.६. सोडियम कार्बोनेट निर्जल १०६, धुण्याच्या सोड्याचे स्फटिक २८६. हा फरक इतका मोठा आहे की अंदाजाने चालतच नाही. त्यात धुण्याचा सोडा उघडा राहिला की त्यातलं पाणी उडून जातं आणि स्फटिकांवर पांढरी भुकटी धरते. मग १०६ ही नाही आणि २८६ ही नाही. प्रमाण द्रावणासाठी (ज्याची तीव्रता नेमकी माहीत असते अशा द्रावणासाठी) निर्जल कार्बोनेटच वाळवून वापरावं, स्फटिकांच्या नादी लागू नये.

माझी सवय अशी: वजन काढायच्या आधी हातातल्या बाटलीवरचं रेणुवस्तुमान वाचायचं आणि तेच कागदावर लिहून गणित करायचं. वहीत पूर्वीचं गणित असलं तरीही. नवी बाटली आली की जुनं गणित रद्द.

सोडियम हायड्रॉक्साइड काचेच्या बुचाच्या बाटलीत भरणं

काचेच्या बुचाच्या बाटल्या फळीवर छान दिसतात, म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडसारखी अल्कलीसुद्धा त्यातच भरली जाते. काही आठवड्यांत बूच बसतं ते बसतंच. अल्कली काचेला हळूहळू खाते, शिवाय मानेशी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेटचा पांढरा थर जमतो. मग कुणीतरी पक्कड आणतं, मान तुटते, हात कापतो आणि कापलेल्या हातावर अल्कली पडते.

सोडियम हायड्रॉक्साइड पॉलिथीनच्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. बाटली अर्धी रिकामी झाली की छोट्या बाटलीत काढा, म्हणजे वर हवा कमी राहते. जुनं द्रावण अनुमापनाला देऊ नका. शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचं प्रमाण उतरलेलं असतं.

बूच अडकलंच असेल तर आधी चष्मा आणि हातमोजे. मानेभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळायचं, म्हणजे मान बुचाआधी प्रसरण पावते, आणि लाकडी पट्टीने बुचाला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी हलकेच टिचकावायचं. सुटलं तर सुटलं. नाही सुटलं तर बाटली सोडून द्यायची. एका बाटलीसाठी बोट गमावण्यात अर्थ नाही.

काचेच्या तोटीच्या ब्युरेटचंही (अनुमापनात द्रावण सोडायची मापाच्या खुणांची उभी नळी) हेच. अल्कलीचं अनुमापन संपलं की ब्युरेट त्याच तासाला रिकामी करून पाण्याने, मग थोड्या विरल आम्लाने आणि पुन्हा पाण्याने धुवायची, तोटी काढून मध्ये कागदाची पट्टी घालायची आणि ब्युरेट उलटी टांगायची. मुलं गेल्यावर सावकाश धुऊ म्हणून ठेवलेल्या ब्युरेट्सच अडकतात.

कपाट अक्षरांच्या क्रमाने लावणं

नवा माणूस आला की उत्साहाने पहिलं काम हेच करतो. इंग्रजी वर्णक्रमाने लावलं की ॲसिटोन, अल्कोहोल, ॲल्युमिनियमची भुकटी आणि अमोनियम नायट्रेट एका फळीवर येतात. ज्वलनशील द्रव, धातूची भुकटी आणि ऑक्सिडीकारक (दुसऱ्याची आग भडकवणारा पदार्थ) शेजारी शेजारी! बाटली सापडणं सोपं झालं, आग लागणंही सोपं झालं.

आधी गट करा, मग हवं तर गटाच्या आत अक्षरं लावा. ज्वलनशील वेगळे. नायट्रेट, परमँगनेट, पेरॉक्साइड असे ऑक्सिडीकारक वेगळे. आम्लं सगळ्यात खालच्या फळीवर, ट्रेमध्ये. नायट्रिक आम्ल मात्र इतर आम्लांतही एकटं, कारण ॲसिटिक आम्ल ज्वलनशील आहे आणि नायट्रिकशी त्याचं जमत नाही. परमँगनेट आणि ग्लिसरीन एकत्र आले तर थोड्या वेळाने आपोआप पेट घेतात. ही दोन कधीच एका कपाटात नकोत. अमोनिया आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल शेजारी ठेवलं की सगळ्या बाटल्यांवर अमोनियम क्लोराइडचा पांढरा थर बसतो आणि लेबलं खराब होतात. कपाटात असा थर दिसला तर पुसून गप्प बसू नका, बाटल्या हलवा.

वेळ वाचवण्याचे उपाय

चुन्याची निवळी गरम पाण्यात लवकर होईल असं वाटतं. उलट आहे. कॅल्शियम हायड्रॉक्साइड तापमान वाढलं की कमी विरघळतं. थंड पाण्यात भरपूर घाला, हलवा, रात्रभर स्थिर ठेवा आणि सकाळी वरची निवळी काढून बाटली गच्च भरा. याला दुसरा मार्ग नाही, आणि ज्याला रात्रभर थांबायचं नाही त्याने दुधी पाणी घेऊन मुलांना ‘आता दुधी झालं’ हे दाखवू नये.

आयोडीन थेट पाण्यात ढवळत बसू नका. आधी पोटॅशियम आयोडाइड थोड्याशा पाण्यात विरघळवा, त्यात आयोडीन, ते पूर्ण विरघळल्यावर मग उरलेलं पाणी. फेरस सल्फेट त्याच दिवशी करा, विरल सल्फ्युरिक आम्लाचे थेंब घालून. पिवळसर झालेलं फेकून द्या. स्टार्च ताजाच. सिल्व्हर नायट्रेटला ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणीच लागतं. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडने ते लगेच गढूळ होतं.

आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही: हे सगळ्यांना पाठ असतं, तरी घाईत भांडं चुकीचं निवडलं जातं. तीव्र सल्फ्युरिक आम्ल पाण्यात मिसळताना भरपूर उष्णता निघते, म्हणून ते मोजपात्रात किंवा मापाच्या फ्लास्कमध्ये कधीच नाही. बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या काचेचा) बीकर थंड पाण्याच्या टबात ठेवायचा, आम्ल धारेने थोडं थोडं सोडायचं, ढवळत राहायचं. एक लिटर १ मोलर द्रावणाला सुमारे ५५ मिली आम्ल लागतं, आणि ते ओतायला दहा मिनिटं लागली तर लागू द्यावीत. द्रावण पूर्ण थंड झाल्याशिवाय खुणेपर्यंत पाणी भरू नका.

आणखी काही, थोडक्यात

पेटता किंवा नुकता विझवलेला स्पिरिटचा दिवा भरू नका. भाजण्याचे भयंकर अपघात यातूनच होतात. विझवताना फुंकर नको, टोपण घाला.

काचेची नळी रबरी बुचात घालताना ग्लिसरीन लावा, फडक्यात धरा आणि बुचाच्या अगदी जवळ धरा. लांब धरून जोर लावला की नळी तुटून थेट तळव्यात जाते.

पट्टीचुंबक जोडीने, विजातीय ध्रुव शेजारी आणि टोकांना मृदू लोखंडाच्या पट्ट्या लावून ठेवा.

ॲमीटर घटाला थेट जोडलेला दिसला तर आधी कळ काढा, मग बोला.

थर्मामीटरने ढवळणाऱ्याला हटकाच. पाऱ्याचा फुटला तर झाडू नको. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, थेंब जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा.

बाटलीतून जास्त निघालेला पदार्थ परत त्याच बाटलीत घालू नका.

प्रयोग स्वतः करून न पाहणं

‘दरवर्षी होतो, यंदाही होईल’ असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. आदल्या दिवशी दुपारी, मुलांना द्यायच्या त्याच बाटल्या, तीच ब्युरेट आणि तोच तराजू घेऊन प्रयोग एकदा पुरा करा. वेगळ्या, ‘चांगल्या’ साहित्यावर केलेली चाचणी कामाची नाही. आलेलं वाचन तारखेसह लिहून शिक्षकांकडे द्या, म्हणजे दुसऱ्या दिवशी मुलांची वाचनं कशाशी ताडायची ते त्यांना माहीत असतं.

वाचन जुळलं नाही तर लगेच द्रावण ओतून देऊ नका. आधी ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा आहे का पाहा. मग ब्युरेट आणि पिपेट (ठरावीक माप उचलायची नळी) ज्या त्या द्रावणाने खंगाळली होती का, आणि शंकूच्या आकाराचा फ्लास्क मात्र फक्त पाण्यानेच धुतला होता ना, हे तपासा. तराजूचा समतल दाखवणारा बुडबुडा मध्यभागी आहे का, वर पंखा चालू होता का. त्यानंतर वजनाचं गणित बाटलीच्या लेबलशी ताडा. एवढं करूनही फरक राहिला तर दोनपैकी एकच द्रावण नव्याने करा आणि पुन्हा वाचन घ्या. दोन्ही एकदम बदलली तर चूक कुठे होती ते कधीच कळत नाही.