छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजची ‘नामवंत माजी विद्यार्थी’ यादी कशी वाचायची

भाचीला अमेरिकेत अंडरग्रॅडला जायचंय आणि एका रात्री तिने मला सात-आठ कॉलेजांची माहितीपत्रकं पाठवली, सगळी छोटी लिबरल आर्ट्सवाली, म्हणजे एकाच विषयात न अडकवता चौफेर शिकवणारी, आणि प्रत्येकात एक पान ठरलेलं, फोटोंची ओळ आणि खाली मोठमोठी नावं. मावशी बघ ना, इथे स्टीव्ह जॉब्स शिकलाय! आता खरं सांगते, पहिल्यांदा मीही भुलले, मग दोन रविवार घालवून आम्ही दोघींनी ही यादी वाचायची एक पद्धत बसवली, तीच इथे देतेय.

सगळ्यात आधी नावापुढचं साल बघा. अमेरिकन कॉलेजं नावापुढे जे साल टाकतात ते सहसा पदवीचं असतं, ॲडमिशनचं नाही. साल नसेल तर थोडं खोदायचं, कारण तिकडे ‘ॲलम’, म्हणजे माजी विद्यार्थी, हा पदवी घेतलेलाच असं काही नाही, एखाद-दोन टर्म बसलेला माणूसही बऱ्याच ठिकाणी चालतो. आता जॉब्सचंच घ्या, १९७२ मध्ये रीड कॉलेजला गेला, एका सेमिस्टरनंतर नाव काढलं, पुढे काही महिने तिथेच राहून मनाला येईल त्या वर्गात जाऊन बसायचा, कॅलिग्राफीचा वर्ग त्यातलाच. ओबामा ऑक्सिडेंटल कॉलेजला १९७९ ते १९८१, पदवी मात्र कोलंबिया युनिव्हर्सिटीची. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर माँडेल मॅकॅलेस्टर कॉलेजला होते, पदवी युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाची. कवयित्री एमिली डिकिन्सन तर माउंट होल्योकला जेमतेम वर्षभर, आणि तेव्हा ते कॉलेजही नव्हतं, सेमिनरी म्हणजे मुलींची उच्च शाळा होती. यात कोणी खोटं बोलत नाहीये हां, फक्त आपण वाचताना ‘शिकला’ म्हणजे ‘पदवी घेतली’ असं धरून चालतो.

म्हणून एक साधी शीट करा, तीन रकाने. पदवी घेतली, काही काळ शिकले, नुसती मानद पदवी. तिसऱ्यातले सरळ उडवा, ते पदवीदानाला भाषण करून गेलेले पाहुणे असतात. दुसऱ्यातले ठेवा पण त्यांच्यावर भाळू नका. मधेच अडकणारेही निघतात, बास्केटबॉलपटू स्टीफन करी २००९ मध्ये डेव्हिडसन कॉलेज सोडून एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गेला आणि पदवी पूर्ण केली थेट २०२२ मध्ये, म्हणजे तेरा वर्षं तो दुसऱ्या रकान्यात होता आणि मग पहिल्यात आला. भाचीला हा प्रकार जाम आवडला.

मग आकार बघा. ही कॉलेजं दीड-दोन हजार मुलांची, त्यामुळे हजारो मुलांच्या युनिव्हर्सिटीच्या यादीशी लांबीने तुलना करण्यात अर्थ नाही. उलटं बघा, एकाच विषयात दाट नावं आहेत का. स्वार्थमोर कॉलेजचं उदाहरण, १९७५ चं मेडिसिनचं नोबेल तिघांत वाटलं गेलं, त्यातले डेव्हिड बाल्टिमोर आणि हॉवर्ड टेमिन दोघेही स्वार्थमोरचे, त्याआधी १९७२ च्या केमिस्ट्रीतले ख्रिश्चन ॲन्फिनसनही तिथलेच. असा गठ्ठा दिसला की तिथल्या सायन्सच्या मास्तरांत काहीतरी आहे असं समजायला हरकत नाही. एकटंदुकटं नाव योगायोगही असू शकतो. आणि सगळ्यात ताजं नाव कुठल्या दशकातलं आहे तेही बघा, यादी १९६० च्या आसपास संपत असेल तर नंतर काय झालं हे विचारायचंच.

आता माझ्या मते सगळ्यात कामाचा प्रश्न, तो माणूस ज्यासाठी नावाजला त्यात कॉलेजचा हात किती? इथे आयोवा राज्यातल्या ग्रिनेल कॉलेजची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. चिप बनवणाऱ्या इंटेलच्या संस्थापकांपैकी एक रॉबर्ट नॉइस, ग्रिनेलचाच १९४९ चा पदवीधर. ट्रान्झिस्टर बेल लॅब्समध्ये १९४७ च्या डिसेंबरात बनला आणि ग्रिनेलचे फिजिक्सचे प्रोफेसर ग्रँट गेल यांनी तो विषय लवकरच वर्गात आणला, म्हणजे जग ज्या गोष्टीकडे पुढे वळलं ती या पोराला गावाकडच्या कॉलेजातच कळली. आणि हाच पोरगा एका पार्टीसाठी जवळच्या शेतातून डुक्कर चोरून आला होता! शेतीवाल्या राज्यात जनावर चोरणं म्हणजे चेष्टा नाही, तुरुंगाची वेळ होती. गेल आणि कॉलेजचे प्रेसिडेंट सॅम्युअल स्टीव्हन्स मधे पडले, भानगड एका सेमिस्टरच्या निलंबनावर मिटली, पोरगा परत आला आणि पदवी घेतली. पुढे नॉइस कॉलेजच्या ट्रस्टी मंडळावर गेला आणि ग्रिनेलने इंटेलमध्ये अगदी सुरुवातीला पैसे घातले. अशी एक गोष्ट वीस फोटोंपेक्षा जास्त सांगते, म्हणून यादीतलं प्रत्येक नाव नको, दोन-तीनच निवडा आणि त्यांचं तिथे कुणाशी जमलं होतं ते शोधा.

प्रेसिडेंटांकडे मात्र लोक बघतच नाहीत, आणि इथेच चुकतं. छोट्या कॉलेजात एक माणूस सगळी घडी बदलू शकतो. स्वार्थमोरचा ऑनर्स प्रोग्राम, म्हणजे हुशार मुलांसाठी जास्त सखोल अभ्यासाची सोय, फ्रँक एडेलॉट यांनी आणली, ते १९२१ ते १९४० प्रेसिडेंट होते, ऑक्सफर्डला शिकलेले, तिथली पद्धत इकडे आणली. अँटिऑक कॉलेजला प्रेसिडेंट आर्थर मॉर्गन यांनी शिक्षण आणि नोकरी आलटून पालटून करायची पद्धत बसवली. तर प्रेसिडेंटांची नावं सालांसकट लिहून काढा आणि प्रत्येकाची वर्षं मोजा. गेल्या दहा वर्षांत चार माणसं बदलली असतील, मधे ‘इंटरिम’ म्हणजे तात्पुरता हा शब्द दोनदा येत असेल, तर सावध व्हा. बहुतेक खाजगी कॉलेजं टॅक्ससाठी फॉर्म ९९० भरतात, तो प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या साइटवर फुकट दिसतो, त्यात प्रेसिडेंटचा पगार, ट्रस्टींची नावं, त्या वर्षी तोटा झाला का, सगळं असतं. कंटाळवाणं वाचन आहे, चहा घेऊन बसा.

एवढं का करायचं तर छोटी कॉलेजं बंदही पडतात. अँटिऑक २००८ ला बंद झालं आणि २०११ ला परत उघडलं. व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर या मुलींच्या कॉलेजच्या बोर्डाने मार्च २०१५ मध्ये जाहीर केलं की आता बंद, आणि मग तिथल्या माजी विद्यार्थिनी उठल्या, कोर्टात गेल्या, १.२ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, जूनमध्ये तडजोड झाली, जुनं बोर्ड बहुतेक बदललं, फिलिप स्टोन नवे प्रेसिडेंट झाले आणि कॉलेज चालू राहिलं. त्यातल्या बहुतेक जणी कुठल्याच नामवंत यादीत नव्हत्या.

म्हणून भाचीच्या शीटला आम्ही चौथा रकाना जोडला, ज्यांची नावं छापलेली नाहीत त्यांचा. ॲडमिशन ऑफिसला दोन ओळींचा मेल टाकायचा, तुमच्या विषयातल्या मागच्या पाच वर्षांतल्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांशी बोलायला मिळेल का. आठपैकी तिघांचं उत्तर दोन दिवसांत आलं, एकाने परत माहितीपत्रकच पाठवलं, बाकीच्यांची वाट बघतोय.