दीर्घकाळ संसदेत राहिलेल्या नेत्याची कारकीर्द आणि आचरण कसे तपासावे

एखादा नेता सात-आठ वेळा लोकसभेवर निवडून आला की त्याच्याविषयी प्रामुख्याने दोन प्रकारचे लेखन आढळते: गौरवांकातील स्तुती आणि निवडणुकीच्या तोंडावर काढलेली आरोपांची यादी. दोन्हींत मूळ नोंदी अभावानेच असतात. वास्तविक संसदेचे कामकाज, उमेदवाराची शपथपत्रे, समित्यांचे अहवाल आणि न्यायालयांचे निकाल सामान्य नागरिकालाही पाहता येतात. ते कोणत्या क्रमाने वाचावेत हे येथे सोमनाथ चटर्जी यांच्या उदाहरणाने सांगितले आहे. चटर्जी १९७१ पासून दहा वेळा लोकसभेवर निवडून आले, २००४ ते २००९ या काळात लोकसभेचे अध्यक्ष होते, आणि नैतिक आचरणाचे प्रश्न त्यांच्या वाट्याला निवाडा करणारे म्हणूनही आले व ज्यांच्यावर बोट ठेवले गेले असे सदस्य म्हणूनही आले.

आधी कालपट तयार करावा

प्रत्येक लोकसभेसाठी एक ओळ घ्यावी आणि तीत मतदारसंघ, पक्ष, पद व पराभव लिहावेत. चटर्जी यांच्या कालपटात बर्दवान, जादवपूर आणि बोलपूर असे मतदारसंघ येतात. १९८४ मध्ये जादवपूरला ममता बॅनर्जी यांच्याकडून झालेला पराभव येतो, आणि १९८५ मध्ये बोलपूरच्या पोटनिवडणुकीतून झालेले पुनरागमनही येते.

पदाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. मंत्री प्रश्न विचारत नाही, तो उत्तरे देतो; अध्यक्ष विधेयकांवरील चर्चेत बाजू मांडत नाही; हजेरीपटावर मंत्र्यांची सही अपेक्षित नसते. म्हणून ‘पाच वर्षांत एकही प्रश्न विचारला नाही’ हे वाक्य एखाद्या खासदाराविषयी गंभीर ठरते आणि दुसऱ्याविषयी निरर्थक. राजापूरचे मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. त्या वर्षांतील त्यांचे काम रेल्वे अर्थसंकल्प आणि त्यांनी दिलेली उत्तरे यांत शोधावे लागते. हजेरीच्या टक्केवारीवरून तयार होणाऱ्या क्रमवाऱ्यांत हा भेद हरवतो, त्यामुळे त्यांवर मी तरी विसंबून राहात नाही.

सभागृहातील शब्द मूळ नोंदीतून वाचावेत

संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात जुन्या चर्चांचे अधिकृत वृत्तांत उपलब्ध आहेत. भाषण वाचताना आधीच्या व नंतरच्या वक्त्यांचे म्हणणेही वाचावे, कारण एकटे काढलेले वाक्य बहुधा कोणत्या तरी आरोपाला दिलेले उत्तर असते. अध्यक्षांच्या आदेशाने कामकाजातून वगळलेले शब्द वृत्तांतात सापडणार नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्नांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांचे विषय लावावेत. तारांकित प्रश्नाला सभागृहात तोंडी उत्तर मिळते व त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. मतदारसंघाशी किंवा सदस्याच्या अभ्यासाशी संबंध नसलेल्या एखाद्या उद्योगावर वारंवार प्रश्न आले असतील, तर ती जागा खूण करून ठेवण्याजोगी असते. तो पुरावा मात्र नव्हे. पुढील कागद कोठे शोधावेत एवढेच त्यातून कळते.

या खुणेमागे इतिहास आहे. हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुदगल यांनी मुंबईच्या सराफ बाजारातील एका संघटनेकडून आर्थिक लाभ घेऊन तिच्यासाठी प्रश्न विचारले व विधेयकाला दुरुस्त्या सुचवल्या, असा ठपका १९५१ मध्ये चौकशी समितीने ठेवला. हकालपट्टीचा ठराव संमत होण्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला. परंतु प्रकरण तेथे मिटले असे सभागृहाने मानले नाही, उलट त्या राजीनाम्याच्या भाषेमुळे अपराध अधिक गंभीर झाला, अशी नोंद ठरावात केली. म्हणूनच ‘राजीनामा दिला’ एवढ्यावर आपण थांबू नये. राजीनाम्यानंतर सभागृहाने काय म्हटले तेही पाहावे.

शपथपत्रे एकमेकांशेजारी ठेवावीत

उमेदवाराची मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणे जाहीर करणारी शपथपत्रे सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निकालांनंतर रूढ झाली. उत्पन्नाचे स्रोत उघड करण्याची आवश्यकता २०१८ च्या निकालाने आली. त्यामुळे १९७१ मधील उमेदवाराने मालमत्ता ‘लपवली’ असे म्हणता येत नाही, कारण तसे विचारणारा नियमच तेव्हा नव्हता.

दोन निवडणुकांतील आकड्यांची तुलना करताना स्थावर व जंगम मालमत्ता, कर्जे, आणि जोडीदार व अवलंबितांची मालमत्ता वेगवेगळी मांडावी. जुन्या जमिनीचा बाजारभाव वाढला म्हणून एकूण आकडा फुगला, की नवी खरेदी झाली, हे एकत्रित बेरजेतून कळत नाही. फौजदारी प्रकरणांत गुन्हा दाखल होणे, आरोपपत्र, आरोपनिश्चिती आणि दोषसिद्धी या चार निराळ्या पायऱ्या आहेत. लिहिताना नेमकी पायरी व तिची तारीख द्यावी. दोन किंवा अधिक वर्षांच्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता तत्काळ लागू होते, हेही १० जुलै २०१३ च्या निकालानंतरचे आहे. त्याआधी अपील दाखल केलेल्या विद्यमान सदस्याला संरक्षण मिळत असे.

निर्णय कोणी दिला हे स्वतंत्रपणे लिहावे

राज्यसभेची आचार समिती १९९७ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष शंकरराव चव्हाण होते. लोकसभेत अशी समिती २००० मध्ये आली व २०१५ मध्ये तिला स्थायी स्वरूप मिळाले. विशेषाधिकार समिती निराळी, खास नेमलेली चौकशी समिती निराळी, आणि न्यायालय तर पूर्णपणे निराळे. समितीने निर्दोष मानलेल्या सदस्यावर खटला चालू शकतो, आणि सभागृहाने काढून टाकलेल्या सदस्याला फौजदारी शिक्षा झालेली असेलच असे नाही.

डिसेंबर २००५ चे प्रकरण या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखे आहे. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना खासदार गुप्त चित्रीकरणात दिसले. अध्यक्ष चटर्जी यांनी पवनकुमार बन्सल यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली, आणि २३ डिसेंबर रोजी लोकसभेने दहा व राज्यसभेने एक अशा अकरा सदस्यांना बडतर्फ केले. त्यांत जळगाव आणि एरंडोल येथील खासदारही होते. समितीतील विजयकुमार मल्होत्रा यांनी भिन्नमत नोंदवले होते. हकालपट्टीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले तेव्हा चटर्जी यांनी न्यायालयाच्या नोटिशीला प्रतिसाद न देण्याची भूमिका घेतली, आणि १० जानेवारी २००७ रोजी घटनापीठाने बहुमताने सभागृहाचा अधिकार मान्य केला, न्या. रवींद्रन यांचे मत विरुद्ध होते. बातमीत ‘अकरा बडतर्फ’ एवढेच उरते. अभ्यासकाने समितीचा अहवाल, भिन्नमत, बहुमताचा निकाल आणि विरोधी निकाल हे चारही वाचावेत, कारण इतक्या वेगाने दिलेला न्याय योग्य होता का, या प्रश्नाची खरी मांडणी विरोधी मतांतच सापडते.

निवाडा करणाऱ्यालाही तोच मापदंड लावावा

हे काम सर्वांत अवघड आहे, कारण येथे आपला आदर आड येतो. २००६ मध्ये लाभाच्या पदांचा, म्हणजे जी धारण केल्यास खासदारकी जाऊ शकते अशा सरकारी पदांचा, वाद पेटला. जया बच्चन अपात्र ठरल्या, सोनिया गांधी यांनी राजीनामा दिला, आणि श्रीनिकेतन-शांतिनिकेतन विकास प्राधिकरणाचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या चटर्जी यांच्याविरुद्धही तक्रार झाली. संसदेने अनेक पदांना सूट देणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ते पुनर्विचारासाठी परत पाठवले. दोन्ही सभागृहांनी ते पुन्हा संमत केले आणि पूर्वलक्षी प्रभावाने कायदा झाला. पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. येथे कायदेशीर उत्तर आणि नैतिक उत्तर स्वतंत्र परिच्छेदांत लिहावे. कायद्याने पद सुरक्षित झाले, हे निश्चित. ज्यांची पदे धोक्यात होती अशा सदस्यांच्या सभागृहानेच ती सूट दिली, ही बाब मला आजही खटकते, आणि चटर्जी यांच्याविषयीचा माझा आदर ती झाकण्याचे कारण होऊ शकत नाही.

२००८ मधील प्रसंग वेगळ्या जातीचा आहे. चटर्जी यांच्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने सरकारचा पाठिंबा काढला व पाठिंबा काढणाऱ्या खासदारांच्या यादीत त्यांचेही नाव घातले. अध्यक्ष पक्षातीत असतो, अशी भूमिका घेऊन त्यांनी पद सोडले नाही. २२ जुलैच्या विश्वासदर्शक ठरावाचे कामकाज चालवले आणि दुसऱ्याच दिवशी पक्षाने त्यांची हकालपट्टी केली. येथे नियमभंगाचा आरोप नाही. पक्षाशी निष्ठा आणि पदाशी निष्ठा यांतील निवड आहे, म्हणून ती आर्थिक गैरवर्तनाच्या रकान्यात कधीही टाकू नये.

लेखन प्रसिद्ध करण्यापूर्वी

प्रत्येक विधानापुढे तारीख, त्या वेळचे पद, तेव्हा लागू असलेला नियम आणि निर्णय देणारी संस्था या चार गोष्टी आहेत का, ते तपासावे. नेता हयात असेल तर त्याचे म्हणणे लेखी मागवावे, त्यासाठी पुरेसा अवधी द्यावा, आणि उत्तर आले तर आरोपाच्या लगतच छापावे. जुना निकाल उद्धृत करताना तो अद्याप टिकून आहे का हेही पाहावे: सभागृहातील मतासाठी लाच घेणाऱ्या सदस्याला संरक्षण देणारा १९९८ चा निकाल ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रद्दबातल ठरवला, आणि तो अजून लागू असल्याप्रमाणे लिहिणारा लेख वाचकाची दिशाभूल करील.