वाळलेलं गवत वाळलेलंच दिसू दे

'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?'चं चित्रीकरण मिसिसिपीत ऐन उन्हाळ्यात झालं, तेव्हा तिथलं रान हिरवंगार होतं. दिग्दर्शक कोएन बंधूंना मात्र धुळकट, करपलेला मुलूख हवा होता. छायाचित्रणकार रॉजर डीकिन्स यांनी सगळी फिल्म स्कॅन करून घेतली आणि संगणकावर हिरवा उतरवून पिवळा चढवला. चित्रपट आला २००० साली. हा पिवळेपणा चित्रपटाचा जीव आहे, म्हणून ब्लू-रे डिस्कवरून फाइल बनवताना, म्हणजे एन्कोड करताना, ऑटो व्हाइट बॅलन्स, कलर एन्हान्स असलं रंग आपोआप बदलणारं काही लावायचंच नाही.

आपल्याकडच्या ब्लू-रेची फाइल बनवताना मी आधी मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मूळ फाइल बघतो. साध्या एचडी ब्लू-रेचे रंग रेक.७०९ या एचडीच्या रंगमानकात असतात आणि रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला, लिमिटेड: काळा १६ वर, पांढरा २३५ वर. प्रायमरीज, ट्रान्स्फर, मॅट्रिक्स आणि रेंज हे चारही टॅग (रंग कसे वाचायचे ते प्लेअरला सांगणाऱ्या नोंदी) नव्या फाइलवर नीट उतरवा. टॅग नसेल आणि चित्र लहान केलेलं असेल, तर काही प्लेअर रेक.६०१ हे जुन्या एसडी चित्राचं मानक धरून चालतात आणि हिरव्या-तांबड्याचा तोल जातो. रेंज चुकली की काळा राखाडी होतो, नाहीतर सावल्यांतला तपशील बुडतो.

सगळ्यात जास्त नासधूस करतो तो डीनॉइज, म्हणजे चित्रातले दाणे पुसणारा फिल्टर. फिल्मचे दाणे पुसले की या चित्रपटाच्या फिकट आभाळात पट्टे उमटतात, कारण रंगांमधल्या पायऱ्या ते दाणेच झाकून ठेवतात. म्हणून डीनॉइज बंद. एन्कोडर एक्स२६५, १० बिट, सीआरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला) १६ ते १८, प्रीसेट स्लो, ट्यून ग्रेन (दाणे जपणारी सेटिंग). मूळ डिस्क ८ बिटची असली तरी १० बिटच घ्या. २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या मिळतात आणि एन्कोडरची गणितातली चूक कमी होते. फाइल फुगेल, फुगू द्या. जागा फारच कमी असेल तर सीआरएफ २० करा, दाण्यांना हात लावू नका.

ब्लू-रेवरचं चित्र ४:२:० पद्धतीनं साठवलेलं असतं; त्यात रंगाचे नमुने उजेडाच्या चौथाईच असतात. त्यात आणखी काटछाट नको, म्हणून सीबी आणि सीआर (रंगाचे दोन घटक) यांचे ऑफसेट, म्हणजे त्यांच्या दाबणीतला फरक, मी उणे २ ठेवतो.

पूर्ण चित्रपट लावण्याआधी तीन छोटे तुकडे एन्कोड करा: मोकळं आभाळ, गवताचं रान, रात्रीची आग. मूळ आणि नवी, दोन्हींतली नेमकी तीच फ्रेम पीएनजीत काढा आणि एकाच जागी आलटूनपालटून बघा. शेजारी शेजारी ठेवून बारीक फरक कळत नाही. शंका आलीच तर डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या व्हेक्टरस्कोपवर (रंगछटा आणि त्यांची तीव्रता दाखवणाऱ्या आलेखावर) दोन्ही तपासा. टीव्हीवर बघताना रंग भडक करणारा व्हिव्हिड मोड आधी बंद करा.